काय दिवे लावले, ते सांगते

डिसेंबर 2023 मध्ये नागपूरला हिवाळी अधिवेशन सुरू होतं. पीएचडी करणाऱ्या मुलांच्या अधिछात्रवृत्तीचा (फेलोशिपचा) आणि ती फक्त 200 जणांपुरती ठेवण्याचा विषय विधान परिषदेत निघाला, आणि तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार बोलून गेले, पीएचडी करून काय दिवे लावणार? त्या रात्री भावाचा नागपुरातल्या महाल भागातून फोन आला. "ताई, ऐकलं का? तुझ्या साऱ्या जन्माचा हिशोबच मागितला वं." तो सहज बोलला, पण मला मात्र झोप आली नाही. मँचेस्टरजवळच्या एका विद्यापीठात मी कापड आणि पेहराव शिकवते. आजवर माझ्या हाताखाली 11 जणांची डॉक्टरेट झाली. आयुष्यात मिरवावं असं माझ्याकडे काही असेल तर ते हेच.

तो प्रश्न लोकांना का पटतो, हे मला कळतं. मी नागपुरातच पीएचडीला नाव नोंदवलं होतं. माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण गाईडच्या टेबलावर टेलिफोन डिरेक्टरीखाली आठ महिने पडून होतं. मधल्या काळात त्यांच्या मुलीच्या लग्नपत्रिका मी धरमपेठभर वाटल्या. प्रकरण परत आलं तेव्हा त्यावर एकही खूण नव्हती, फक्त सही होती. त्या सहीनेच मला देश सोडायला लावला. तेव्हा प्रबंधांचे गठ्ठे पडतात, वाचत कोणी नाही, ही तक्रार खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मात्र दोष मुलांवर टाकला जातो आणि गाईड नामानिराळा राहतो, हे मला सहन होत नाही.

आता माझ्या एका विद्यार्थिनीबद्दल सांगते. मुलगी नागपूरचीच, गोळीबार चौकातल्या कोष्टी, म्हणजे विणकर घरातली. आजोबांचा खड्डामाग, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेला हातमाग होता, वडिलांनी तो मोडून तिथे किराणा टाकला. तिचा विषय होता विदर्भाची करवतकाठी साडी. अंग टसर रेशमाचं, काठ रंगीत सुताचा, आणि काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी. पहिल्याच वर्षी तिच्या मसुद्यात मी समासात लाल शाईने लिहिलं, 'काठाची वीण चुकीची दिली आहे, हा जादा बाणा आहे.' बाणा म्हणजे आडवा धागा, आणि नक्षीपुरता वेगळा घातलेला तो जादा बाणा. एका संग्रहालयाच्या छायाचित्रावरून मी हे गेली कित्येक वर्षं वर्गात शिकवत होते.

ती पुढच्या भेटीला भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीकडून आणलेला वीतभर तुकडा घेऊन आली. तुकडा उलटा केला, भिंगाखाली धरला आणि म्हणाली, "मॅडम, तुम्हीच बघा." सांध्यावर काठाचा बाणा आणि अंगाचा बाणा दर फेकीला एकमेकांत अडकून मागे वळत होते. म्हणजे धोटे (बाणा इकडून तिकडे नेणारी साधनं) तीन: दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक. जादा बाणा कुठेच नव्हता. ती दोन महिने तिथल्या एका म्हाताऱ्या विणकराच्या मागाशी बसून, कांड्या भरून हे शिकली होती. तो तिला म्हणायचा, "पोरी, धोटा हातानं नाही, कानानं फेका लागते." फणीचा, म्हणजे बाणा ठोकून बसवणाऱ्या दातेरी पट्टीचा, ठोका ऐकला की सांधा घट्ट बसला की सैल राहिला ते कळतं. मी माझी लाल ओळ खोडली. वर्गातल्या टिपणांतही दुरुस्ती केली आणि ती कोणामुळे झाली, ते खाली लिहिलं. त्या दिवशी घरी जाताना मला जो आनंद झाला, तो मला स्वतःला डॉक्टरेट मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

इकडची तोंडी परीक्षा बंद खोलीत होते. दोन परीक्षक आणि विद्यार्थी. गाईडला बसू दिलं तरी त्याने तोंड उघडायचं नाही. तिच्या वेळी मी बाहेर जिन्यात बसले होते. अडीच तास. बाळंतपणाच्या खोलीबाहेर बसलेल्या आईसारखी अवस्था होते, दुसरी उपमा मला सुचत नाही.

दुसरी एक विद्यार्थिनी बर्नलीची, लँकेशायरची. तिची आजी कापड गिरणीत होती. मागांच्या गडगडाटात ऐकू येत नसे, म्हणून तिथल्या बाया ओठांच्या हालचालींवरून बोलत. तिने याच बायांच्या कामाच्या कपड्यांवर, त्यांना लावलेल्या ठिगळांवर संशोधन केलं. मी तिला सांगितलं, माझे आजोबा नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम होते. 1 जानेवारी 1877 ला, व्हिक्टोरिया राणी भारताची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशी, जमशेटजी टाटांनी ती गिरणी सुरू केली आणि तेच नाव दिलं. 2002 मध्ये ती बंद पडली. आजोबाही घरात खुणांनीच बोलायचे, आणि आम्ही पोरं त्यांना तुसडे समजायचो. त्या खुणांचा अर्थ मला बर्नलीच्या मुलीच्या प्रबंधातून लागला. पण हे आजोबांना सांगावं, तर तेव्हा ते राहिले नव्हते.

भारतातल्या पीएचडीच्या वादात दरवेळी नियमांचीच चर्चा होते. 2022 च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांनी प्राध्यापकाला एका वेळी 8 विद्यार्थी घ्यायची मुभा दिली आणि प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढली. सक्ती गेली हे चांगलंच झालं, तिच्यामुळे पैसे देऊन छापणाऱ्या नियतकालिकांचं फावत होतं. पण 8 जणांचे मसुदे ओळ न ओळ वाचायचे तर आठवडा पुरत नाही. मी एका वेळी तिघांवर कधी गेले नाही. इकडे सारं आलबेल आहे असंही नाही. बाहेरच्या देशांतल्या मुलांकडून घेतली जाणारी फी डोळे पांढरे करणारी आहे, आणि गोळीबार चौकातली दुसरी मुलगी ती भरू शकणार नाही. म्हणूनच घरची अधिछात्रवृत्ती कापायचा विषय निघतो तेव्हा माझा जीव तुटतो.

या विषयासाठी नागपूरसारखं गाव नाही. केंद्रीय कापूस संशोधन संस्था तिथे 1976 पासून आहे. जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणं, शिकवणारं केंद्र आहे. भंडारा, गडचिरोलीचं टसर एका दिवसात जाऊन बघून येता येतं. कापसाच्या बोंडापासून साडीच्या घडीपर्यंत सगळं हाताशी असताना करवतकाठीचा सांधा समजून घ्यायला एका पोरीला सात समुद्र ओलांडावे लागले, याची मला नागपूरकर म्हणून लाज वाटते. विद्यापीठाने एवढं तरी करावं: कापडावरच्या प्रबंधाला एक विणकर सहमार्गदर्शक नेमावा, रीतसर मानधन देऊन, प्रबंधाच्या पहिल्या पानावर त्याचं नाव छापून. मोहाडीकडच्या त्या बाबांनी माझ्या विद्यार्थिनीला जे शिकवलं, ते मला शिकवता आलं नसतं.

ती आता नागपुरात शिकवते. यंदा तिला तिची पहिली पीएचडीची विद्यार्थिनी मिळाली. परवा रात्री तिचा फोन आला, आवाज जरा पडलेला. "मॅडम, पोरगी म्हणते की फणीचा आकडा मी चुकीचा धरलाय."

"मग? चुकीचा होता का?"

थोडा वेळ ती गप्प राहिली, मग हसली. "होता, मॅडम."