खुलासा: वू झेतियान आणि तान्ह्या मुलीचा मृत्यू

चीनची एकमेव स्त्री-सम्राट वू झेतियान हिने, सम्राट गाओझोंगची उपपत्नी असताना, त्याची पट्टराणी सम्राज्ञी वांग हिला अडकवण्यासाठी पोटच्या मुलीचा गळा दाबला, असा मजकूर सिद्ध इतिहास म्हणून फिरत आहे. तो तसा सिद्ध झालेला नाही. मूल ६५४ च्या सुमारास दगावले. वूने मृतदेह पांघरुणाखाली झाकला, सम्राट गाओझोंग आल्यावर हसतमुखाने पांघरूण उचलले आणि मग हंबरडा फोडला, हा तपशील १०६० मध्ये पूर्ण झालेल्या तांग घराण्याच्या नव्या इतिहासात, म्हणजे तब्बल चारशे वर्षांनंतर आढळतो. ९६१ च्या ‘तांग हुइयाओ’ या तांगकालीन नोंदींच्या संकलनात मात्र मूल अचानक गेले आणि वूने वांगवर आळ घेतला, एवढेच आहे.

याहून बोलका पुरावा वूविरुद्धच्या ६८४ च्या बंडाच्या जाहीरनाम्याचा आहे. त्यात कवी लुओ बिनवांगने बहीण, भाऊ, सम्राट आणि आई यांच्या हत्येचे आरोप तिच्यावर केले, पण मुलीबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि हा माणूस हातचे काही राखणारा नव्हता. ६५५ मध्ये पदच्युत झालेल्या वांगला वूने हालहाल करून मारवले, ही नोंद मात्र तांग घराण्याच्या जुन्या इतिहासातही (९४५) आहे.