गॅसवरचा फ्रिज उलटा ठेवून दुरुस्त होतो का?

पावसाळा सरून गोव्यातल्या हरमल, मांद्रे, मोरजी या भागांत कॅम्पर व्हॅन पुन्हा दिसू लागल्या की एक मजकूर मोबाइलवरून दरवर्षी फिरू लागतो. त्याचा आशय असा : ‘व्हॅनमधला गॅसवरचा फ्रिज थंड करीत नसेल तर चार स्क्रू काढून तो बाहेर ओढावा, रात्रभर उलटा ठेवावा, स्टोव्हच्या पिनेने जेट (बर्नरला गॅस सोडणारे बारीक तोंड) साफ करावा आणि तेवढ्याने भागले नाही तर एसीवाल्याकडून गॅस भरून घ्यावा.’ या चारांपैकी एका सल्ल्यात थोडे तथ्य आहे, दोन निरुपयोगी किंवा हानिकारक आहेत आणि एक जिवावर बेतू शकतो.

गॅस भरण्याचा सल्ला शेवटी दिलेला असला तरी गैरसमजाचे मूळ तिथेच असल्याने आधी तोच घेतो. या फ्रिजच्या नावातला गॅस म्हणजे सिलिंडरमधला एलपीजी. तो केवळ जळून उष्णता देतो. थंडावा देणारे अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन हे मागच्या बाजूच्या पोलादी नळ्यांत कारखान्यातच भरलेले असतात आणि त्या नळ्या वेल्डिंगने कायमच्या बंद केलेल्या असतात. स्वीडनमधील बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये ही रचना सिद्ध केली. ज्योतीच्या उष्णतेने अमोनिया पाण्यातून सुटतो, वर जाऊन द्रवरूप होतो, हायड्रोजनच्या सहवासात पुन्हा वाफ होताना फ्रिजमधली उष्णता ओढून घेतो आणि अखेर पाण्यात विरघळून खाली उतरतो. यात कॉम्प्रेसर नाही आणि एसीवाल्याची नळी जोडता येईल असे तोंडही नाही. नळ्यांवर पिवळी भुकटी दिसली किंवा फ्रिजभोवती अमोनियाचा उग्र दर्प आला, तर आतले मिश्रण गळले आहे असे समजावे. ती भुकटी गंज रोखण्यासाठी घातलेल्या विषारी क्रोमेटची असते, म्हणून तिला उघड्या हाताने स्पर्श करू नये. अशा वेळी मागचे संपूर्ण शीतयंत्रच बदलावे लागते.

आता उलटा ठेवण्याविषयी. हा उपाय निव्वळ थाप नाही. फ्रिज दीर्घकाळ बंद राहिला असेल किंवा तिरक्या जागेवर चालवला गेला असेल, तर नळ्यांतला द्रव भलत्या जागी साचून अभिसरण थांबते. फ्रिज उलटल्याने ते द्रव पुन्हा मिसळतात आणि क्वचित, विशेषतः जुन्या फ्रिजमध्ये, गाडे सुरू होते. मात्र गळती, जळालेला बॉयलर (नळ्यांचा ज्योतीने तापणारा भाग) किंवा काजळीने भरलेला धुराडा यांवर त्याचा काडीचाही उपयोग नाही, आणि उलटा ठेवलेला फ्रिज सरळ केल्यावर कित्येक तास तसाच उभा न ठेवता पेटवणे चूकच होय. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हा फ्रिज गॅसखेरीज घरगुती विजेवर आणि गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालतो, म्हणून तो बाहेर काढण्यापूर्वी २३० व्होल्टच्या विजेवर रात्रभर चालवून पाहावा. विजेवर तो नीट थंड होत असेल तर शीतयंत्र शाबूत आहे आणि दोष बर्नरच्या बाजूला आहे. मग उलटण्याचा प्रश्नच उरत नाही. (ही चाचणी १२ व्होल्टवर करू नये. इंजिन बंद असताना हा फ्रिज बॅटरी काही तासांत रिकामी करतो.)

गॅसवर आणि विजेवर, दोन्ही प्रकारे थंड होत नसेल, तरी आधी गाडी समपातळीत आहे का आणि फ्रिजमागे व्हॅनच्या बाहेरच्या भिंतीत असलेल्या हवेच्या जाळ्या मोकळ्या आहेत का हे पाहावे. हे मी अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी मीही हा मजकूर प्रमाण मानून फ्रिज काढला, अंगणात उलटा ठेवला आणि दोन दिवस घालवले. नंतर लक्षात आले की पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून जून महिन्यात खालच्या जाळीवर लावलेली चिकटपट्टी मीच काढायला विसरलो होतो. खालून हवा आत येऊन वरच्या जाळीतून गरम होऊन बाहेर पडली नाही, तर गोव्याच्या उन्हात हा फ्रिज अगदी नवा असला तरी हतबल होतो.

स्टोव्हच्या पिनेविषयी फार लिहिण्याची गरज नाही. जेटचे छिद्र मिलिमीटरच्या अंशाएवढे असते. पिनेने ते जरासे जरी रुंदावले तरी गॅस प्रमाणाबाहेर येतो, निळी ज्योत पिवळी होते आणि काजळी धरते. जेट काढून स्पिरिटमध्ये भिजवावा आणि सुकू द्यावा, अन्यथा नवा बसवावा. खाऱ्या हवेमुळे सुटलेला गंज आणि कुंभारमाशीने केलेले मातीचे घर बर्नरच्या नळीत बरेचदा सापडते. धुराड्यातली वळणदार पट्टी बाहेर काढून ब्रश फिरवावा, परंतु पडणारी काजळी बर्नरवर साठणार नाही याची काळजी घ्यावी.

जिवावर बेतणारा सल्ला आहे तो ‘चार स्क्रू’ काढण्याचा. स्क्रूंखेरीज गॅसची तांब्याची नळी, विजेच्या तारा, धुराड्याचा जोड आणि फ्रिजच्या कडेने केलेले सीलबंद आवरण, इतके सगळे सोडवावे लागते. प्रथम सिलिंडर बंद करून नळीतला उरलेला गॅस शेगडीवर जाळून टाकावा. जोड सोडताना दोन पाने (स्पॅनर) वापरावेत, म्हणजे नळी पिळली जात नाही. आणि उघड्या तोंडावर लगेच टोपण बसवावे. ज्वलनाची हवा बाहेरून येऊन धूर बाहेरच जावा, यासाठी फ्रिजची मागची बाजू झोपण्याच्या जागेपासून पूर्णपणे वेगळी ठेवलेली असते. फ्रिज परत बसवताना ते सील तसेच फाटके राहिले, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत येतो आणि त्याला रंग नाही, वासही नाही. म्हणून सील नव्याने करावे, झोपण्याच्या जागेत कार्बन मोनॉक्साइडचा गजर लावावा, गॅसच्या प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का हे पाहावे, आणि गॅसच्या कामाची जाण असलेल्या कारागिराकडून दाब तपासून घ्यावा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळलेला गॅस जमिनीलगत साचतो. तो बाहेर पडावा म्हणून व्हॅनच्या तळाला ठेवलेले छिद्र मुंग्या आणि उंदीर येतात म्हणून कापडाने बुजवलेले मी म्हापशात एकाहून अधिक गाड्यांत पाहिले आहे. तिथे बारीक जाळी बसवता येते.