जुन्या विटांच्या इमारतीला 'नवीकोरी' कशी करावी

शहराच्या ऐन मध्यावर, मुख्य बाजारपेठेत, शंभर-सव्वाशे वर्षांची विटांची इमारत तुमच्या ताब्यात आली आहे? अभिनंदन. खाली दुकानं, वर कचेऱ्या, कोपऱ्यावर कमानदार दार, माथ्यावर थराथरानं पुढे काढलेली विटांची कॉर्निस. हिचं 'सुशोभीकरण' करावं असं तुमच्या मनात आलंच असेल. (आलं नसेल तर समितीच्या मनात येईल, काळजी नसावी.) हे काम कसं करतात ते सध्या समोरच्या फुटपाथवरून रोज बघतो आहे, म्हणून तुमच्या भल्यासाठी चार सूचना.

सर्वांत आधी, इमारतीकडे नीट बघू नका. बघितलंत की प्रश्न पडतात. एकाच थरात एक वीट लांबीनं आणि पुढची डोक्याच्या बाजूनं का बसवली असेल? डोकं दिसणारी वीट भिंतीत आडवी आतवर जाते आणि पुढची-मागची बाजू बांधून ठेवते म्हणून. तळमजल्यावर बिडाचे सडपातळ खांब का? दुकानदाराला माल मांडायला मोठी काच हवी होती, जाड भिंत नको होती. वरच्या खिडक्या एवढ्या उंच का? वरून आलेला उजेड खोलीत लांबवर पोचतो आणि कारकुनाला दिवसाउजेडी खतावणी लिहायची होती. खिडकीवर कमान का? वीट दाब सोसते, ताण सोसत नाही. एवढं कळलं की हातोडा उचलताना हात आखडतो. तेव्हा न बघितलेलं बरं.

वाचनही टाळा. शिकागोच्या मोनॅडनॉक इमारतीचा उत्तरेकडचा भाग १८९१ सालचा. सोळा मजले, बाहेरून सगळा भार विटांच्या भिंतींवर, आणि तळाशी ती भिंत सुमारे सहा फूट जाड. पुढे आलेली नक्षी मालकालाच नको होती, तिच्यावर धूळ साचते, पाखरं बसतात म्हणून. मग जॉन रूट या वास्तुविशारदानं काय करावं? नक्षीला फाटा देऊन अख्खी भिंतच तळाशी पायघोळ केली आणि माथ्यावर पुन्हा हलकेच बाहेर वळवली. तिथं आजही लोक ऑफिसला जातात. असलं काही वाचलं की नुसत्या विटेतही देखणेपण असतं वगैरे कल्पना डोक्यात शिरतात आणि टेंडर लांबतं.

आता मुख्य काम. वाळूचा फवारा मारा. कॉम्प्रेसर आणा, पडदे लावा किंवा लावू नका, आणि वरपासून खालपर्यंत झोडून काढा. भट्टीत भाजताना विटेला बाहेरून एक कडक कातडं येतं, पावसाला तेच अडवतं. आतली वीट त्या मानानं मऊ आणि सच्छिद्र. फवाऱ्यानं शंभर वर्षांची काजळी निघते हे खरंच, सोबत ते कातडंही निघतं. पण फोटोत कातडं कुठे दिसतं?

समोरच्या इमारतीवर गेल्या आठवड्यात हेच चाललं होतं. आमच्या खिडकीच्या कट्ट्यावर रोज सकाळी लाल भुकटीचा थर. शिपाई म्हणाला, फार धूळ येते हो. धूळ कसली, ती इमारत होती. खाली जाऊन सुपरवायझरला विचारलं तर म्हणाला, "बघा साहेब, कशी नवीकोरी दिसतेय!" दिसत होती खरी. भिंतीवरून बोट फिरवलं, तर खडूसारखी लाली बोटाला लागली. दारावर टेराकोटाची वेलबुट्टी होती. तिच्यातलं पान कुठलं आणि फूल कुठलं हे आता सांगता येत नाही, सगळे नुसते गोळे. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेनं जुन्या इमारतींवर असले फवारे मारू नका म्हणून खास पुस्तिका काढली ती १९७९ साली. एकोणीसशे एकोणऐंशी! तेव्हा हे नव्यानं कळलं, माहीत नव्हतं, ही सबब सांगू नका.

बरं, थांबतात का? नाही. फवाऱ्यानं दर्जांमधला, म्हणजे विटांच्या सांध्यांमधला, चुना उडाला, म्हणून आता त्यात सिमेंट. तेही गच्च, आणि वर पट्टीनं आखल्यासारखी ठसठशीत रेघ. त्या काळी सिमेंट नव्हतं म्हणून बिचाऱ्यांनी चुना वापरला, हे मला ऐकवलं गेलं. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट १८२४ चं आहे. चुना वापरला कारण तो विटेपेक्षा मऊ असतो. ऊन-पावसानं भिंत कणभर हलते, तो ताण चुना पोटात घेतो. भिंतीत शिरलेलं पाणी दर्जांवाटे सुकून जातं. काही तुटायचंच झालं तर चुना तुटतो, आणि तो पुन्हा भरता येतो. सिमेंट भरलंत की सगळा कारभार उलटा. दर्जा हटत नाहीत, पाण्याला वाट देत नाहीत. मग पाणी विटेतून बाहेर पडू बघतं, सोबतचे क्षार पृष्ठभागाच्या आतच साचून स्फटिक होतात, लोणा लागतो, पापुद्रे सुटतात. काही वर्षांनी चित्र असं, की सिमेंटची जाळी जागच्या जागी उभी आणि मधल्या विटा झिजून आत गेलेल्या. तेव्हा हेच लोक येऊन सांगणार, "वीटच हलकी होती हो जुन्या काळची." अरे, शंभर वर्षं उभी होती ती! तुम्ही यायच्या आदल्या दिवसापर्यंत उभी होती!

असो. पुढची सूचना.

या सगळ्यावर चकचकीत वॉटरप्रूफ रंग द्या, म्हणजे आतली ओल सुकायची उरलीसुरली वाटही बंद.

रंग निवडताना एकसारखा लाल निवडा. विटेविटेत छटा असणं म्हणजे कामात गबाळेपणा. हॅम्बुर्गच्या चिलेहाउस या कचेऱ्यांच्या इमारतीला १९२४ सालापासून हे कुणी सांगितलं नाही. सुमारे ४८ लाख क्लिंकर (कडक भाजलेल्या) विटा, तांबड्यापासून जांभळट काळ्यापर्यंत वाटेल त्या छटांच्या, आणि २०१५ साली तरीही जागतिक वारसा!

पाट्या लावताना भोकं दर्जेत पाडू नका, ती नंतर बुजवता येतात. विटेच्या बरोबर मधोमध पाडा.

तळमजल्यावरचा विटांचा खांब शोरूमच्या आड येतोय? तोडा. वरचे मजले कशावर उभे आहेत ते नंतर कळेलच.

एवढं करूनही समाधान झालं नाही तर एसीपी पॅनेलनं (अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांत प्लास्टिक भरलेल्या फळ्यांनी) सगळं झाकून टाका. यात नवीन काही नाही. अमेरिकेतल्या बाजारपेठांनी १९५० आणि ६० च्या दशकांत जुन्या दर्शनी भिंतींना अॅल्युमिनियमचे पत्रे ठोकले होते. पुढच्या पिढीनं ते काढले तेव्हा मागे खिडक्यांच्या कमानी सापडल्या, आणि कुठे कुठे पत्रा सपाट बसावा म्हणून छिन्नीनं तोडलेल्या कॉर्निसचे थोटूकही. उंच खिडक्यांचं काय करायचं? मध्ये फॉल्स सीलिंग टाका, वरच्या अर्ध्यात प्लायवूड ठोका, आणि दिवसभर ट्यूबलाइट लावून बसा.

शेवटी दारात 'हेरिटेज लूक'चे दिवे उभारा. फायबरचे. जुन्या वास्तूंच्या जतनासाठी केलेल्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत म्हटलंय की अंदाजपंचे सुरू होतं तिथं जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि नवं काम नवं म्हणून ओळखू आलं पाहिजे. पण सनद कोण वाचतो? दिव्याखाली सेल्फी काढता येतो.

आणि पन्हळीकडे अजिबात जाऊ नका. पन्हळ साफ केली तर उद्घाटन कशाचं करणार? तिथं फीत कापता येत नाही, कोनशिला बसत नाही, पाहुण्यांना वर चढवता येत नाही. समोरच्या इमारतीची पन्हळ कैक पावसाळे तुंबलेली आहे. पाण्याचा पाईप मधेच फुटलाय, त्याखाली भिंतीवर हिरवा पट्टा थेट तळमजल्यापर्यंत उतरलाय. माथ्यावर कॉर्निसच्या फटीत झाड उगवलंय, चांगलं मनगटाएवढ्या खोडाचं. फवारेवाले त्या झाडाच्या बाजूनं फवारा मारून खाली उतरले. झाड तसंच! पाईप तसाच! भिंत सोलली, आणि आता त्याच फुटक्या पाईपचं पाणी कातडं नसलेल्या विटेवर पडणार आहे.

लाज वाटायला पाहिजे. जुन्या भिंतीचा मोठा शत्रू पाणी, हे कोणताही म्हातारा गवंडी सांगेल, पण त्याला विचारतो कोण? काळे डाग खुपत होते तर साधं पाणी आणि मऊ ब्रश होता. डाग राहिले असते थोडे, राहू द्यायचे. ज्या दर्जा रिकाम्या होत्या तेवढ्याच चुन्यानं भरायच्या होत्या, धडधाकट दर्जांना हात लावायचा नव्हता. आधी एका कोपऱ्यात, मागच्या बाजूला, हातभर भिंतीवर करून बघायचं होतं. एवढीही अक्कल नव्हती? सोललेली वीट आता परत येणार नाही, कितीही निधी आणा. पण निदान उद्या शिडी लावून वर चढा. पाईप बदला, पन्हळ उपसा. ते झाड बुंध्याशी कापा आणि मुळं जागच्या जागी मारा. धसमुसळेपणानं उपटायला जाऊ नका, नाहीतर कॉर्निससकट खाली याल. आणि कॉम्प्रेसर आधी घेऊन जा तिथून, मागची भिंत अजून शिल्लक आहे.