अंदाज दुप्पट करण्याबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: एकेका कामाचे तीन-तीन अंदाज घेणं हा कागदी खेळ आहे, क्लायंटला एकच आकडा हवा असतो, तेव्हा डेव्हलपर सांगेल ते दुप्पट करावं आणि मोकळं व्हावं. एकच आकडा हवा असतो, हे अगदी मान्य. दुप्पट करायला मात्र माझा ठाम विरोध आहे.

ई-कॉमर्स अ‍ॅपमधली तीन कामं घ्या. आकडे मॅन-डेमध्ये (एका माणसाचं एका दिवसाचं काम), क्रमाने: सगळं सुरळीत गेलं तर, बहुधा, आणि पार घोळ झाला तर. ओटीपी लॉगिन ३, ५, १३. पेमेंट गेटवे ४, ६, २०. रिपोर्ट ८, १०, १२. मधल्या आकड्यांची बेरीज २१, तुमच्या हिशेबाने ४२.

आता हे ४२ कुठे गेले बघा. रिपोर्टना २० मिळाले. ते घोळ झाला तरी १२त उरकतात. पेमेंटला मिळाले १२, आणि २० लागू शकतात ते नेमके तिथेच. ग्राहकाचे पैसे कापले जातात पण वेबहुक, म्हणजे पैसे मिळाल्याचा गेटवेकडून आपल्या सर्व्हरला येणारा निरोप, येतच नाही. कधी एकच वेबहुक दोनदा येतो आणि ऑर्डरही दोनदा पडते. शिवाय अर्धवट रिफंड, सेटलमेंटचा (गेटवेकडून खात्यात जमा होणाऱ्या पैशांचा) ताळमेळ. डेमोत यातलं काहीच दिसत नाही, म्हणून डेव्हलपर ६ सांगतो.

पर्ट ही तीन अंदाजांवरून एक आकडा काढण्याची पद्धत. तिच्या सूत्राने (पहिला, मधल्याची चौपट आणि शेवटचा यांची बेरीज भागिले ६) ६, ८ आणि १० येतात, एकूण २४. शेवटच्यातून पहिला वजा करून ६ने भागलं की प्रत्येकाचं विचलन, म्हणजे अंदाज साधारण किती हलू शकतो ते, मिळतं. या विचलनांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ ३.२. त्याची दुप्पट २४मध्ये मिळवा, साधारण ३०. पण तिन्ही कामं एकाच नव्या माणसाकडे असतील, तर एक लांबलं की बाकीचीही लांबतात. मग वर्गमूळ नको, विचलनं सरळ मिळवा: ५. त्याची दुप्पट १०, आकडा ३४.

क्लायंटला हा ३४च सांगा. तो कमी करायला सांगेल तेव्हा अर्धवट रिफंड पुढच्या टप्प्यात ढकलता येतो. ४२मधून काय काढणार?

आणि मॅन-डे म्हणजे तारीख नव्हे. ओटीपीच्या एसएमएससाठी डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांची व्यावसायिक एसएमएससाठीची नोंदणी यंत्रणा) कंपनी, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि टेम्प्लेट (मजकुराचा साचा) यांची नोंदणी लागते. अर्ज भरायला फार वेळ जात नाही, मंजुरीची वाट मात्र बघावी लागते, आणि पाठवलेला मजकूर टेम्प्लेटशी जुळला नाही तर एसएमएस अडतो. ही वाट बघणं मॅन-डेत धरू नका, वेळापत्रकात वेगळ्या ओळीत लिहा आणि अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका.