बेदगेलर्टची समाधी आठशे वर्षांची नाही

झाडाखाली रोवलेल्या पाटीच्या दगडांचा फोटो आणि त्याखाली घशात आवंढा आणणारी गोष्ट, असा एक मेसेज सारखा फिरत असतो. वेल्समधल्या ग्विनेद परगण्यात बेदगेलर्ट नावाचं गाव आहे. तेराव्या शतकात तिथला राजा लिवेलिन शिकारीला गेला, लाडका कुत्रा गेलर्ट मागे राहिला. राजा परतला तर कुत्र्याचं तोंड रक्तानं माखलेलं आणि बाळ पाळण्यात नाही. राजानं तलवार खुपसली. कुत्र्याच्या शेवटच्या किंकाळीला बाळाच्या रडण्यानं उत्तर आलं. बाळ सुखरूप होतं आणि शेजारी मेलेला लांडगा पडला होता.

मेसेज म्हणतो की ही घडलेली घटना आहे, समाधी आठशे वर्षांची आहे आणि गावाचं नाव कुत्र्यावरून पडलं. हल्ली त्याला शेपूटही असतं: ‘गोऱ्यांनी ही गोष्ट आपल्या पंचतंत्रातून चोरली.’ घटना खरी असेल तर चोरी कसली? आणि माझ्या मते यातलं एकही विधान टिकत नाही.

आधी समाधी. अठरावं शतक सरता सरता डेव्हिड प्रिचर्ड नावाचा माणूस दक्षिण वेल्समधून या गावात आला आणि गोट हॉटेलचा पहिला चालक झाला. डोंगर बघायला येणारे प्रवासी तेव्हा वाढू लागले होते. हे दगड त्यानंच गावकऱ्यांच्या मदतीनं उभे केले, असं मानलं जातं. त्याच सुमारास विल्यम रॉबर्ट स्पेन्सर या कवीनं या कथेवर इंग्रजी कविता लिहिली, आणि ती लोकप्रिय झाल्यावर येणाऱ्यांना समाधी बघायचीच असे. म्हणजे दगडांचं वय फार तर सव्वादोनशे वर्षं. तिथल्या दोन शिळांवर, एकीवर वेल्शमध्ये आणि एकीवर इंग्रजीत, कथा कोरलेली आहे. इंग्रजी मजकूर नीट वाचा. राजा पुन्हा कधी हसला नाही, इथेच फक्त ‘असे म्हणतात’ आहे. बाकी सगळं ठाम, जणू लिहिणारा तिथे उभा होता.

राजा मात्र खरा. थोरला लिवेलिन म्हणून वेल्श लोक त्याला आजही मानतात. १२०५ मध्ये त्याचं लग्न इंग्लंडच्या जॉन राजाच्या मुलीशी, जोनशी झालं. गेलर्ट ही सासऱ्याची भेट, अशी जोडही कथेला दिली जाते. १२४० मध्ये लिवेलिन आबेरकॉनवीच्या मठात वारला. त्याची म्हणून दाखवली जाणारी दगडी शवपेटी आज लानरूस्टच्या चर्चमध्ये आहे, रिकामी. कुत्र्याच्या ‘समाधी’पुढे लोक डोळे पुसतात आणि या पेटीकडे फारसं कुणी फिरकत नाही, याचं मला वाईट वाटतं.

नावाचं थोडक्यात. वेल्शमध्ये ‘बेद’ म्हणजे थडगं, हे बरोबर. पण कुणाचं? बहुधा केलर्ट नावाच्या फार जुन्या ख्रिस्ती साधूचं. जोडनावात ‘क’चा ‘ग’ होणं वेल्शला नवं नाही. १२५८ च्या कागदात गावाचं नाव ‘बेकेलर्ट’ असं आलं आहे.

आता चोरी. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रातली मुंगसाची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. पाण्याला गेलेली ब्राह्मणी, पाळण्याजवळचा साप, रक्तानं माखलेलं मुंगूस दारात धावत येतं आणि तिच्या हातातली घागर त्याच्यावर आदळते. साचा तोच आहे, यात शंका नाही. पण ही गोष्ट कुणी खिशात घालून नेली नाही. सहाव्या शतकात पंचतंत्र इराणात पहलवी भाषेत गेलं, आठव्या शतकात अरबीत, पुढे हिब्रू आणि लॅटिनमध्ये. वाटेत मुंगसाचा कुत्रा झाला, कारण युरोपातल्या घरांत मुंगूस कुठलं? तेराव्या शतकात फ्रान्समध्ये ल्योंजवळ अशाच एका कुत्र्याला लोक संत मानून नवस करत होते. एका धर्मोपदेशकानं ते नोंदवून ठेवलं आहे. सात शहाण्यांच्या कथामालेतही ही गोष्ट आहे आणि ती कथामाला चौदाव्या शतकात वेल्शमध्ये आली. ‘आपला शिकारी कुत्रा मारणाऱ्या माणसाइतका मला पस्तावा होतोय’ अशी वेल्श म्हणच आहे. त्या म्हणीत राजा नाही, गाव नाही.

ज्या गोष्टीला इतक्या भाषांनी आपलं केलं, तिला चोरीचा माल म्हणणं मला पटत नाही. आपल्या मुलखातून निघालेली कथा आयरिश समुद्राच्या काठापर्यंत पोचली, हे ऐकून मला तरी ऊर भरून येतो. (रायगडावरच्या वाघ्याचा वाद मी इथे मुद्दाम आणत नाही. तो वेगळ्या पुराव्यांचा विषय आहे.)

बेदगेलर्टला जाणार असाल तर जरूर जा. कार्नारव्हनहून अरुंद रुळांची आगगाडी थेट गावात येते. समाधीची पायवाट ग्लासलिन नदीच्या कडेनं जाते, आणि त्याच वाटेजवळ सेंट मेरीचं चर्च आहे. हा मूळचा ऑगस्टिनियन मठ. १२८६ मध्ये बँगोरच्या बिशपनं लिहून ठेवलं की एनली बेटावरचा मठ सोडला तर वेल्समधला सगळ्यात जुना मठ हाच. तेव्हा तो आगीतून नुकताच बाहेर पडला होता. पूर्वेच्या भिंतीत तीन उंच, निमुळत्या खिडक्या एकमेकींना लागून आहेत. त्या मात्र खरोखर तेराव्या शतकातल्या आहेत.