कडू दुधीचा रस ‘अधिक गुणकारी’? त्या फॉरवर्डला उत्तर

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, उपवनला सकाळी चालायला येणाऱ्यांच्या तोंडीही तोच. रोज उपाशीपोटी ग्लासभर दुधीचा रस प्या, महिन्याभरात हृदयातले ब्लॉकेज वितळतील. रस कडू लागला तर अधिक गुणकारी. साखरेऐवजी गूळ, मिठाऐवजी सैंधव, की शुगर-बीपी आटोक्यात. सगळं नैसर्गिक, म्हणून साइड इफेक्ट शून्य.

आधी ब्लॉकेज. मेसेजने रक्तवाहिनीची तुंबलेली मोरी करून टाकलीय. पण हा थर पोकळीत गाळासारखा साचत नाही, वाहिनीच्या भिंतीतच वाढतो, आणि त्यात कोलेस्टेरॉलबरोबर कॅल्शियमही असतं. रस आतड्यात पचतो. तो तिथे जाऊन काही खरवडून काढत नाही. दुधी भाजी म्हणून उत्तमच. गाळून प्यायलात तर चोथा, म्हणजे तंतू, फेकला जातो, आणि खरं काम त्याचंच.

कडूपणाचा सल्ला मात्र जिवावर बेतणारा आहे. दुधी, काकडी, दोडका यांत कुकरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं तयार होऊ शकतात आणि कडू चव ही त्यांची खूण. २०१० साली दिल्लीत एक शास्त्रज्ञ कडू दुधीचा रस पिऊन दगावले. त्यानंतर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) तज्ज्ञ समितीनेही बजावलं की कडू रस पिऊ नका, दुधीचा रस दुसऱ्या रसात मिसळू नका. उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी, रक्तदाब कोसळणं, असं काहीही होऊ शकतं. विषावर उतारा नाही, त्रास सुरू झाला की थेट हॉस्पिटल गाठायचं. शिजवल्यानेही हे विष भरवशाने जात नाही. म्हणून तर घरोघरी दुधी चिरताना आधी एक तुकडा जिभेला लावून बघतात. भाजी कडू निघाली तर पहिल्या घासालाच ताट बाजूला होतं. मिश्र रसात कारलं, आवळा, आलं असतं, कडू नक्की कशाने लागतंय ते कळत नाही; वर ‘औषध आहे’ म्हणून माणूस नाक दाबून ग्लास संपवतो.

गूळ: त्यातही बहुतांश साखरच. थोडं लोह असतं, पण चहातल्या खड्याने हिमोग्लोबिन वाढत नाही. मधुमेह्याने तो साखरेइतकाच मोजावा.

सैंधव हेसुद्धा मुख्यतः सोडियम क्लोराइडच. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी ही मर्यादा त्यालाही लागू. उलट आयोडीन न घातलेलं सैंधवच वापरत राहिलात, तर घरातल्या गरोदर बाईला आणि पोटातल्या बाळाला आयोडीन कमी पडू शकतं.

मेसेजमधली ‘रोज अर्धा तास चाला’ ही ओळ खरी. तेवढी जरूर पाळा.

राहिला ‘साइड इफेक्ट शून्य’. महिन्यात ब्लॉकेज जाणार असं ज्याला पटतं, तो गोळ्याही सोडतो. स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसवल्यानंतर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेली गोळी आपल्या मनाने थांबवली, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन झटका येऊ शकतो. त्या गोळ्यांविषयी मेसेजमध्ये एक ओळही नाही.