‘परवडत नसेल तर करू नये’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया आली त्याच दिवशी उत्तर लिहायला बसलो होतो, पण रागात लिहिलेलं नीट उतरत नाही म्हणून थांबलो. राग अजून पूर्ण गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी. चाहत्यांनी पदरमोड करून, खऱ्या माणसांना घेऊन केलेल्या अ‍ॅनिमेच्या (म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनच्या) छोट्या फिल्म्सवर मी मागे लिहिलं होतं. त्याखाली ‘जुना वाचक’ या नावाने आलेला अभिप्राय असा: “परवडत नसेल तर करू नये. विग घालून मोकळ्या मैदानात उड्या मारणं म्हणजे सिनेमा नव्हे. अ‍ॅनिमेतली अतिशयोक्ती रेषेतच शोभते, हाडामांसाच्या माणसावर ती हास्यास्पदच दिसणार. आवाज तर ऐकवत नाही. शिवाय ही उघड उघड चोरी आहे आणि तुम्ही तिची आरती ओवाळताय.”

मतभेदाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. या फिल्म्स न आवडणारे पुष्कळ आहेत, त्यांत माझे जवळचे मित्रही आहेत आणि आमचे वाद रात्र रात्र चालतात. पण तुम्ही मत मांडलेलं नाही, हिणवलं आहे. तुमच्या प्रतिक्रियेत एकाही फिल्मचं नाव नाही. कुठली पाहिलीत, कुठपर्यंत पाहिलीत, कुठलं दृश्य खटकलं, याचा पत्ता नाही. मी लेखात एकेका दृश्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर एक शेरा मारायचा, वर स्वतःला जुना वाचक म्हणवून घ्यायचं, हे मला अजिबात पटलेलं नाही. जुन्या वाचकाकडून तरी ‘उड्या’ हा शब्द अपेक्षित नव्हता.

आता ‘विग घालून उड्या’ या वाक्याकडेच आधी येतो, कारण ते मला लागलं.

आधी विग. अ‍ॅनिमेतल्या पात्राचे केस बाजूने काढताना टोकं एका दिशेला जातात, समोरून काढताना दुसऱ्याच. कागदावर ते खपून जातं, कारण चित्रकार प्रत्येक कोनासाठी नवं डोकं काढत असतो. प्रत्यक्षात डोकं एकच असतं आणि कॅमेरा त्याच्याभोवती फिरतो. त्यामुळे विग करणाऱ्याला आधी ठरवावं लागतं, की या पात्राची ओळख कुठल्या कोनात आहे. मग कृत्रिम केसांच्या पट्ट्या उसवून दाट शिवायच्या, मुळाशी उलटं विंचरून फुगवायचं, वाफेने वळण द्यायचं, गोंद आणि स्प्रे लावून टोकं उभी करायची. उष्णता जरा जास्त झाली की धागा वितळतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. हे मी ऐकून लिहीत नाही. मी एका अशा फिल्मवर हे काम स्वतःच्या हातांनी केलेलं आहे. मारामारीत घामाने टोकं बसायची, म्हणून आम्ही चेहऱ्याचे क्लोजअप आधी उरकायचो आणि लांबचे शॉट शेवटी घ्यायचो. चित्रीकरणाचा क्रम दिग्दर्शक नाही, विग ठरवायचा. पात्रांची चिलखतंही तशीच, फोमच्या पातळ तक्त्यांची. हीट गनने गरम करून वाकवलेली, चिकटवलेली, वर लेप देऊन रंगवलेली. ही माणसं पात्र हातात घेऊन त्याचा विचार करतात. तुम्हाला दिसला तो फक्त विग.

मग उड्या. चांगल्या चाहत्यांच्या फिल्ममधली मारामारी कागदावर आखलेली असते. ठोसा चेहऱ्यापासून दूरच जातो, कॅमेरा असा लावतात की मधलं अंतर दिसू नये, आणि मार खाणाऱ्याची मान नेमक्या क्षणी फिरली तरच तो लागल्यासारखा वाटतो. सेकंदाला २४ऐवजी २२ फ्रेम्सने टिपून २४ने दाखवलं की हालचाल किंचित जलद होते. हाँगकाँगच्या मारधाडपटांतून आलेली ही रीत आहे आणि तिला एक पैसा लागत नाही. उडीसाठी दोर बांधला तर तो नंतर पुसावा लागतो. पुसण्यासाठी त्याच जागेची रिकामी चौकट आधी टिपून ठेवावी लागते. ती टिपायचं कुणी विसरलं की एक माणूस रात्री जागून फ्रेम फ्रेम साफ करत बसतो. ब्लेंडरसारखं इफेक्ट्सचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्या रात्री फुकट मिळत नाहीत. यातलं काहीही माहीत नसताना ‘उड्या’ म्हणता येतं. माहीत असून म्हणत असाल तर ते जास्त वाईट आहे.

आणि आता तुमचं पहिलं, सर्वांत निष्ठुर वाक्य: परवडत नसेल तर करू नये.

तुम्ही ज्या अ‍ॅनिमेची बाजू घेऊन माझ्याशी भांडताय, तो न परवडण्यातूनच घडलेला आहे. १ जानेवारी १९६३ला जपानी चित्रकथाकार ओसामु तेझुका यांची ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ ही अ‍ॅनिमे मालिका टीव्हीवर सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग द्यायचा होता आणि मिळणाऱ्या पैशांत पूर्ण अ‍ॅनिमेशन शक्यच नव्हतं. मग एक चित्र तीन-तीन फ्रेम्स धरून ठेवायचं, म्हणजे सेकंदाला २४ऐवजी आठच चित्रं. बोलताना फक्त तोंड हलवायचं. स्थिर चित्रावरून कॅमेरा सरकवायचा. एकदा काढलेली हालचाल जपून ठेवायची आणि पुढच्या भागांत पुन्हा वापरायची. या सगळ्या काटकसरी होत्या. पुढे त्यांचीच शैली झाली. गोठलेली मुद्रा, मागे वेगाच्या रेषा, क्षणभर थांबलेला आघात, ज्यावर तुमचं-माझं प्रेम आहे ते सगळं त्या काटकसरीच्या घरातलं आहे. ‘इव्हँजेलियन’ या अ‍ॅनिमे मालिकेच्या २४व्या भागात एकच चित्र जवळपास मिनिटभर हलत नाही आणि बघणारा श्वास रोखून बसतो. तेझुकांना त्या वेळी कुणी ‘परवडत नसेल तर करू नये’ म्हटलं असतं आणि त्यांनी ते ऐकलं असतं, तर आज आपण कशावर वाद घालत असतो?

त्याच ‘इव्हँजेलियन’चे दिग्दर्शक हिदेआकी आन्नो. १९८३ मध्ये ते दाइकॉन फिल्म या हौशी गटात होते. त्या गटाने आठ मिलिमीटरच्या फिल्मवर आपला स्वतःचा अल्ट्रामॅन (जपानी टीव्हीवरचा महाकाय नायक) केला, दिग्दर्शन आन्नोंचं. अल्ट्रामॅनही तेच झाले, आणि तेसुद्धा मुखवट्याशिवाय, अंगात अल्ट्रामॅनच्या रंगांचं साधं जॅकेट आणि वर चश्मा लावलेला स्वतःचा उघडा चेहरा. (अल्ट्रामॅन मुळात अ‍ॅनिमे नाही, टोकुसात्सु आहे, म्हणजे खऱ्या नटांचा, स्पेशल इफेक्ट्सवर उभा असलेला जपानी प्रकार, हे मला ठाऊक आहे. त्यावर नवी प्रतिक्रिया लिहू नका, मुद्दा साधनांचा आहे.) सुरुवातीला तो चेहरा विचित्र वाटतो. थोड्या वेळाने वाटेनासा होतो, कारण कॅमेऱ्याची उंची, मॉडेल्सवरचा प्रकाश, पात्रांच्या बोलण्यातलं गांभीर्य यांत कुठेही थट्टा नाही. त्यांना मूळ मालिका इतकी आतून माहीत होती की नसलेला मुखवटा बघणाऱ्याने आपल्या मनाने घातला. २०२२ मध्ये अल्ट्रामॅनचा मोठा चित्रपट आला, तो आन्नोंनीच लिहिला, आणि त्यातल्या अल्ट्रामॅनच्या हालचालींसाठी मोशन कॅप्चरमध्ये, म्हणजे माणसाची हालचाल टिपून पात्राला देण्याच्या तंत्रात, ते स्वतःही उभे राहिले. १९८३ साली तुमच्यासारखा शेरा कुणी ना कुणी मारला असेलच. त्याने ते थांबले नाहीत, हे आपलं नशीब.

दुसरीकडे पैसे असले की काय होतं तेही बघा. ‘ड्रॅगन बॉल’ या गाजलेल्या अ‍ॅनिमेवरचा २००९चा हॉलिवूडपट ‘ड्रॅगनबॉल इव्होल्यूशन’ सुमारे तीन कोटी डॉलर्सचा होता. त्याचे पटकथाकार बेन रॅम्झी यांनी २०१६ मध्ये चाहत्यांची जाहीर माफी मागितली आणि आपण चाहता म्हणून नव्हे, मोठ्या मोबदल्यासाठी ते काम घेतलं होतं, हे स्वतः कबूल केलं. २०१५ मध्ये रोबॉट अंडरडॉग या छोट्या गटाने त्याच विश्वातली, भविष्यातल्या गोहान आणि ट्रंक्सची गोष्ट ‘लाइट ऑफ होप’ या नावाने केली. त्यांच्याकडे स्टुडिओ नव्हता. पण गोष्टीचं मर्म त्या थकलेल्या गुरूत आणि उतावळ्या शिष्यात आहे, स्फोटांत नाही, हे त्यांना कळलं होतं. हातात पैसे नसले की काय ठेवायचं आणि काय सोडायचं ते ठरवावंच लागतं, आणि ते ठरवायला मूळ कलाकृती नीट वाचलेली असावी लागते. माझ्या अख्ख्या लेखाचा मुद्दा एवढाच होता. तुम्ही त्याच्या आसपासही फिरकला नाहीत.

आवाजाबद्दल तुमचं म्हणणं मान्य. बहुतेक चाहत्यांच्या फिल्म्समध्ये आवाज हीच सर्वांत कच्ची बाजू असते. लोक कॅमेऱ्यावर खर्च करतात, माइक कॅमेऱ्यावरच ठेवतात, उघड्यावर वारा संवाद गिळून टाकतो आणि नंतर डबिंग करायला कुणी उरलेलं नसतं. खराब चित्र प्रेक्षक चालवून घेतो, खराब आवाज चालवून घेत नाही. हे मी नाकारलेलं नाही, नाकारणारही नाही.

रेषा आणि हाडामांस हा मुद्दा मी लांबवत नाही. काही गोष्टी रेषेतच राहाव्यात, तर काही माणसाच्या चेहऱ्यावर नव्याने उमलतात. हे दृश्यागणिक ठरतं, सरसकट फतवा काढून नाही. तुम्ही दृश्य सांगितलेलं नाही, तेव्हा उत्तर कशाला देऊ?

चोरीबद्दलही फार बोलत नाही. विकायला काढलेली नक्कल आणि फुकट दाखवलेली चाहत्याची फिल्म यांत फरक करायला हक्कदार स्वतःच शिकले आहेत. ‘स्टार ट्रेक’च्या हक्कदारांनी २०१६ मध्ये नियमच घालून दिले: एक भाग १५ मिनिटांपर्यंत, फार तर दोन भाग, आणि निधी ५०,००० डॉलर्सच्या आत. जोई अ‍ॅन्सा यांनी २०१० मध्ये ‘स्ट्रीट फायटर’ या व्हिडिओ गेमवर काही मिनिटांची फिल्म केली. पुढे २०१४ मध्ये त्यांनीच गेमची हक्कदार कंपनी कॅपकॉमच्या संमतीने त्यावर मालिका काढली. चोराला कुणी घराची किल्ली देत नाही.

एक शेवटचं, कारण ‘आरती ओवाळताय’ हे माझ्यावर होतं. आमची फिल्म एका छोट्या महोत्सवात दाखवली तेव्हा व्यासपीठावरच्या एका मान्यवरांनी ‘पोरखेळ’ एवढा एकच शब्द उच्चारला आणि पुढच्या फिल्मकडे वळले. ज्या मुलीने पोशाख शिवले होते ती माझ्या शेजारीच बसली होती. तिने त्यानंतर काही शिवलं नाही. तिच्या हातात जे कसब होतं ते मी फार थोड्या व्यावसायिकांकडे पाहिलंय. म्हणून तुमचा शेरा मला गमतीत घेता येत नाही, आणि म्हणूनच मी असल्या फिल्म्सबद्दल सविस्तर लिहितो. कुणीतरी दृश्य बघून, काम बघून बोललं पाहिजे. याला तुम्ही आरती म्हणणार असाल तर म्हणा.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुन्हा लिहिणार असाल तर फिल्मचं नाव आणि दृश्य लिहा. मग तुम्ही कितीही कडक लिहिलंत तरी मी मुद्देसूद उत्तर देईन. नुसता शेराच असेल तर यापुढे उत्तर मिळणार नाही.